प्रोफाइल फोटोसाठी घेतलेले कपडे, आणि तो बारीक चौकडीचा शर्ट

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दोघांनी ऑफिससाठी (इंटिरियरची कामं, पुण्यात) स्टुडिओत जाऊन रीतसर फोटो काढून घेतले. ते फोटो आता वेबसाइट, लिंक्डइन, व्हिजिटिंग कार्ड असे सगळीकडे फिरून झालेत, त्यामुळे कुठला कपडा पैसे वसूल आणि कुठला पाण्यात, हे सांगता येईल. पण आधी शर्ट. गेल्या आठवड्यात प्रदर्शनाच्या फ्लेक्सवाल्याचा फोन आला, "मॅडम, सरांच्या शर्टावर इंद्रधनुष्य पडलंय, असंच छापू का?" हे लिहायला बसले ते त्या फोनमुळे.

शर्ट चांगलाच आहे. पांढऱ्यावर करडी, अगदी बारीक चौकडी, सुती, दोन हजारांच्या आतबाहेर. लांबून साधा करडा वाटतो. फोटोत मात्र छातीवर गुलाबी-हिरवे वळणदार पट्टे, पेट्रोल सांडलेल्या डबक्यावर दिसतात तसे. फोटोवाले याला मॉरे म्हणतात. कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चिपवर, म्हणजे सेन्सरवर, ठिपक्यांची जाळी असते आणि प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग मोजतो. चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. बाकीचे रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. चौकडी त्या जाळीइतकी बारीक पडली की अंदाज फसतो आणि नसलेले रंग उगवतात. हे टाळायला पूर्वी बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे चित्र किंचित मऊ करणारा फिल्टर असायचा. २०१२ साली निकॉनने डी८०० आणि डी८००ई अशी जोडी आणली, त्यातल्या दुसऱ्यात त्या फिल्टरचा परिणाम रद्द केलेला होता. आता बरेच कॅमेरे फिल्टरशिवायच येतात. पापणीचा केस न् केस दिसतो आणि शर्टाचं वाटोळं होतं.

स्टुडिओचं म्हणणं, कपडे ही क्लायंटची जबाबदारी. पट्टे काढायचे तर दर फोटोमागे वेगळे पैसे. माझं म्हणणं, शर्ट तुमच्यासमोर इस्त्री झाला, "सर, मस्त दिसतोय" हेही तुम्हीच म्हणालात, आणि कॅमेऱ्याला जोडलेला लॅपटॉप समोर उघडा होता. एक फोटो पूर्ण मोठा करून बघायला किती वेळ लागतो? कॅमेरा पाऊलभर मागे-पुढे केला किंवा अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, बऱ्यापैकी लहान केलं तरी पट्टे कमी होतात. हे ग्राहकाने सांगायचं का? ई-मेलवर बरीच मेलामेली झाली. शेवटी तीन फोटो त्यांनी फुकटात नीट करून दिले. बाकीचे "ब्लॅक अँड व्हाइट करून घ्या" असा सल्ला मिळाला, तोही करून पाहिला. रंग जातात, पट्टे राहतात.

आता इथे एक दुरुस्ती. वरचं सगळं लिहून झाल्यावर मूळ फाइल्स काढून शंभर टक्क्यांवर एकेक तपासल्या. काहींमध्ये कापड अगदी स्वच्छ आहे, चौकडीचा धागा न् धागा मोजता येतो. म्हणजे तिथे पट्टे कॅमेऱ्यात आलेच नव्हते. आमच्या वेबसाइटवाल्याने फोटो लहान करताना ते तयार झाले. स्क्रीनवर झूम कमी-जास्त केल्यावर पट्टे जागा बदलत असतील, तर आधी पूर्ण मोठं करून पाहावं. तिथे नसले तर फाइल ठीक आहे, आणि लहान करण्याआधी शर्टापुरतं चित्र किंचित धूसर केलं की काम भागतं. तेव्हा स्टुडिओच्या नावावरचे निम्मे पट्टे मी वेबसाइटवाल्याच्या खात्यावर वळवते आहे. फ्लेक्सला दिलेला फोटो मात्र स्टुडिओचाच. त्यात शंभर टक्क्यांवरही डाव्या खिशाभोवती गुलाबी ढग आहे.

बाकीचे कपडे. नेव्ही ब्लू ब्लेझर, लक्ष्मी रोडवरून, माझा. फोटोत अव्वल, काळ्यापेक्षा कितीतरी बरा. काळ्यात घड्या, कॉलरची कड सगळं बुडतं आणि केसाएवढा धागाही पांढरा चमकतो. पण पहिल्याच ड्रायक्लीनिंगला कॉलरखाली फुगे आले. आतलं अस्तर शिवलेलं नाही, गरम करून चिकटवलेलं आहे, ते सुटलं. दुकानदार म्हणतो धुलाईवाल्याने वाफ जास्त दिली, धुलाईवाला म्हणतो माल हलका. फोटो आधीच काढून झाले होते, म्हणून सोडून दिलं.

नारिंगी कुर्ता घेऊ नका. म्हणजे घ्या, पण फोटोला नको. लाइट कुर्त्यावर आपटून वर येतो आणि हनुवटीखाली भगवी झाक बसते. माझ्या एका फोटोत कावीळ आणि सनबर्न यांच्या मधलं काहीतरी झालंय. पोपटी त्याहून वाईट.

लिननची पँट, नवऱ्याची, साडेतीन हजार. एकाही वापरलेल्या फोटोत ती नाही. लिंक्डइनचा फोटो गोल कापला जातो. त्यात चेहरा, गळा आणि खांद्याचे दोन तुकडे, संपलं. कार्डावर छातीपर्यंत. पैसे गळ्यापाशी घालावेत, खाली घरची जुनी जीन्स चालते. स्टुडिओत स्टुलावर बसून पँट चुरगळते म्हणून तो अर्धा वेळ उभाच राहिला होता, ते वेगळंच.

आणि सगळ्यात जास्त वापरला गेलेला फोटो कुठला, तर ज्यावर एक रुपया खर्च केला नव्हता तो. कपाटातली गडद हिरवी मंगलगिरी साडी, साधं अंग, बारीक जरीचा काठ, त्यावर मावशीने शिवलेलं खणाचं ब्लाउज. "तिसरा पोशाख पॅकेजमध्ये आहेच तर घालून घे," एवढ्यावर नेलेलं. काठ खांद्यावर आला तिथे फ्लॅशने जर पांढरी पडली होती. पदर दोन बोटं मागे सरकवून पिन मारल्यावर ठीक झालं. खणाची नक्षीही बारीकच, म्हणून मी धास्तावले होते, पण तिचे बुट्टे या चौकडीच्या मानाने बरेच मोठे, त्यामुळे एकही पट्टा नाही. गोल चौकटीत गळ्याशी तो खण तेवढा दिसतो आणि पुरेसा दिसतो. दोन ग्राहकांनी फोनवर कामाआधी ब्लाउजची चौकशी केली.

आता दुकानात बारीक चौकडी, बारीक रेघा, हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरपी वीण) असं काही हातात आलं की ट्रायल रूमबाहेर हँगरला लावून फोनचा कॅमेरा रोखते आणि पुढे-मागे होते. स्क्रीनवर कापड लहरायला लागलं की परत. सेल्समन बघत राहतात, बघू देत. न लहरल्यास हमी नाही, कारण स्टुडिओचा कॅमेरा आणि अंतर वेगळं असतं. म्हणून फोटोच्या वेळी पहिले दोन-तीन फोटो लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून दाखवायला सांगायचं, लाजायचं नाही, आणि ते बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहून घ्यायचं.

त्या स्टुडिओत परत जाईन का? जाईन. लाइटचं काम त्यांचं उत्तम आहे आणि दरही परवडतो. फ्लेक्सवाल्याला साडीतला फोटो पाठवला, नवऱ्याचा फोटो यंदा फ्लेक्सवर नाही. शर्ट तो साइटवर घालतो, तिथे पट्टे नाहीत, सिमेंट आहे.