दहा मीटरसाठी पहिली रायफल: स्प्रिंगची, देशी पीसीपी की जुनी जर्मन?

माझ्या पाकिटात गेले चार महिने टार्गेटची तीन कार्डं आहेत. तीन वेगवेगळ्या एअर रायफलींनी, दहा मीटरवरून, टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारलेले पाच-पाच छर्रे. रबाळे एमआयडीसीत टूलरूमच्या क्वालिटीला असल्यामुळे ही कार्डं मी कँटीनमध्ये डिजिटल व्हर्नियरने मोजली. सर्वांत लांबच्या दोन भोकांचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर, त्यातून छर्र्याचे 4.5 मिमी वजा. स्प्रिंगच्या रायफलीचं ते 13 मिमी, देशी पीसीपीचं (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) साडेपाच, वापरलेल्या जर्मनचं 2.

हे सगळं भाचीसाठी. ऐरोलीला राहते, नववीत आहे, शाळेतून एकदा रेंजवर नेलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्यात ठाण्याचाच रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झालेला, त्यामुळे "मामा, तो पण आपल्या इकडचाच आहे ना" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. ताईने बजेट सांगितलं: सव्वा लाखाच्या वर एक रुपया नाही, आणि त्यात जॅकेटसुद्धा बसलं पाहिजे.

बजेट तेवढंच असेल आणि दुकानात तिन्ही प्रकार समोर मांडले असतील, तर निवड कशी करायची, ते माझ्या हिशेबाने सांगतो.

आधी आकडे, कारण त्यांच्याशिवाय "अचूक" या शब्दाला अर्थ नाही. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका 0.5 मिमी व्यासाचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पण भोकाची कड त्याला नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचं केंद्र मधल्या बिंदूपासून 2.5 मिमीच्या आत पडलं की दहा, 5 मिमीच्या आत पडलं की नऊ, आणि पुढे दर अडीच मिमीला एक गुण खाली. टेबलावर टेकवून मारतानाच जी रायफल 13 मिमी पसरते, ती हातात धरल्यावर काय करणार? पोरीने एक चूक न करतासुद्धा काही छर्रे आठात जातील, आणि तिला वाटेल आपलंच चुकलं. स्वस्त रायफलचा खरा तोटा हाच. चूक कुणाची, हे शिकणाऱ्याला कळत नाही.

आता स्प्रिंगची. नळी बिजागरीवर वाकवून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायची, आत जाड स्प्रिंग आणि पिस्टन, ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा छर्र्याला ढकलते. पंप नको, टाकी नको, दहा-पंधरा हजारांत काम होतं. गॅस रॅमची म्हणून मिळते ती याचीच चुलत बहीण. स्प्रिंगच्या जागी कोंडलेला वायू, बाकी यंत्रणा तीच. गंमत अशी की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत तो जड पिस्टन धावून आपटलेला असतो, म्हणजे रायफल आधी मागे आणि मग पुढे हललेली असते. नळी कितीही चांगली असो, हा धक्का दर वेळी तुमच्या पकडीप्रमाणे वेगळा लागतो. जास्त घट्ट धरली, ग्रुप (छर्र्यांचा पुंजका) एका बाजूला गेला. सैल धरली, दुसऱ्या बाजूला. मुरलेले लोक तिला तळहातावर नुसती ठेवून मारतात आणि छान मारतात, पण नववीतल्या मुलीने सुरुवात त्या कसरतीने का करावी?

दुकानदार मात्र या रायफली वेगावर विकतात. "हजार फूट सेकंदाला, सर!" असं ज्या थाटात सांगतात, जणू आपण बिबट्याच्या मागावर निघालोय. स्पर्धेतली लाखोंची रायफल छर्रा सेकंदाला जेमतेम 170-175 मीटरने सोडते, म्हणजे पावणेसहाशे फुटांच्या आत, आणि ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल. कागदाला भोक पाडायला आणखी काही लागत नाही. जास्त ताकद म्हणजे जास्त धक्का, जास्त कष्टाचं कॉकिंग आणि जास्त आवाज.

गेल्या वर्षी मी स्वतः एक अशीच घेतली होती, दुर्बिणीसकट, ऑनलाइन. अडीचशे छर्र्यांत दुर्बिणीची तार हलली आणि नेम रोज नव्या ठिकाणी जायला लागला. स्प्रिंगचा उलटसुलट धक्का साध्या दुर्बिणींना सोसत नाही, हे विकणाऱ्याला माहीत असणारच. परत घ्यायला त्याने साफ नकार दिला. कार्डांतलं 13 मिमीचं कार्ड याच रायफलचं, दुर्बीण काढून, उघड्या साइटवर, म्हणजे नुसती खाच आणि माशी जुळवून मारलेलं. ती आता कळव्याला माळ्यावर आहे.

दुसरी, देशी पीसीपी. यात सिलिंडरमध्ये 200 बार किंवा त्याच्या आसपासच्या दाबाने हवा भरून ठेवायची, ट्रिगर दाबला की व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. आत जड काही धावत नाही, त्यामुळे धक्का जवळजवळ नाही. इथे भारतीय माल खरंच सुधारलाय. प्रिसिहोलचंच घ्या. लांब, खोल छिद्रं पाडणाऱ्या मशीन बनवणारी ही मंडळी मग रायफलीच्या नळीकडे वळली. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही, कारण साडेचार मिमीचं भोक अर्धा मीटर सरळ नेणं हेच तर नळीचं निम्मं काम आहे. बाजारात या वर्गातल्या रायफली मॉडेलप्रमाणे साधारण चाळीस ते साठ हजारांत बोलल्या जातात. भाव सणासुदीला हलतात, तेव्हा हा आकडा अंदाज म्हणूनच धरा.

यात एक गोष्ट तपासाच: रेग्युलेटर, म्हणजे दर छर्र्याला हवा एकसारख्याच दाबाने देणारा भाग, आहे का. नसेल तर सिलिंडरमधला दाब उतरत जातो तसा छर्र्याचा वेगही बदलतो. गणित सोपं आहे. दहा मीटर जायला छर्र्याला सेकंदाच्या सहा शतांशांइतका वेळ लागतो आणि तेवढ्यात तो साधारण 17 मिमी खाली येतो. वेग पाच टक्के घटला की तो आणखी पावणेदोन मिमी खाली पडणार. एका गुणाची रुंदी अडीच मिमी, हे लक्षात घेतलं की हे पावणेदोन किती महाग आहेत ते कळतं. विकत घेण्याआधी सिलिंडर भरून सलग पन्नास छर्रे मारून बघा. शेवटचे दहा कार्डावर खाली सरकत असतील तर नमस्कार करून बाहेर पडा.

ट्रिगरचंही तसंच. स्पर्धेच्या रायफलीचा ट्रिगर शंभर ग्रॅम किंवा त्याहूनही हलका लावता येतो, दोन टप्प्यांत, दुसरा टप्पा काच तुटावी तसा. साध्या रायफलीत किलो-दीड किलो ओढावं लागतं आणि मध्ये खरखर लागते. मी बघितलेल्या देशी पीसीपीचा ट्रिगर या दोहोंच्या मधला होता, जर्मनपेक्षा स्प्रिंगकडे थोडा जास्त झुकलेला.

तरीही ही बाद नाही. शालेय स्पर्धांत ओपन साइट (तीच उघडी साइट) आणि पीप साइट (मागच्या बारीक भोकातून बघायची) असे दोन वेगळे गट असतात. ओपन साइटच्या गटात उतरणाऱ्या मुलांसाठी साडेपाच मिमीची रायफल वर्ष-दोन वर्षं पुरते. सुटे भाग इथे मिळतात, वॉशर गेला तर जर्मनीहून पार्सलची वाट बघावी लागत नाही. हातात साठ हजार आणि पुढचं काही ठरलेलं नाही, अशी स्थिती असेल तर मी हीच सुचवेन.

तिसरी, वापरलेली जर्मन किंवा ऑस्ट्रियन. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अँशुट्झ, स्टायर ही चार नावं रेंजवर कुणाच्याही तोंडी असतात. यांच्या वरच्या नव्या मॉडेलांचे भाव काही लाखांत आहेत, तो विषय आपल्याला नको. पण फाइनवेर्कबाऊ 500 किंवा हॅमर्ली एआर20 सारखी क्लब मॉडेलं (क्लबांच्या वापरासाठीची साधी, स्वस्त), किंवा वरच्याच मॉडेलांच्या दहा-पंधरा वर्षं जुन्या पिढ्या, मोठी होऊन कॉलेजला गेलेल्या मुलांच्या घरी केसमध्ये पडून असतात. रेंजवर चहा पिताना शब्द टाकून ठेवायचा. आमचं असंच जमलं.

यातला खरा धोका सिलिंडर. या सिलिंडरांना मुदत असते, कमाल दहा वर्षं, आणि तारीख अंगावरच असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि 200 बारचा मुदतबाह्य सिलिंडर मुलीच्या गालाजवळ मी तरी ठेवणार नाही. बरेच जण रायफल स्वस्तात मिळाली म्हणून खूश होतात आणि नंतर नव्या सिलिंडरची पाच आकडी किंमत ऐकून डोक्याला हात लावतात. तेव्हा आधी तारीख बघा, मग भावाचं बोला. दुसरं, पीप साइटच्या गोल चकत्या फिरवून बघा: दर क्लिक बोटाला लागला पाहिजे, आणि दहा क्लिक उजवीकडे, दहा डावीकडे फिरवल्यावर छर्रा मूळ जागी आला पाहिजे.

सिलिंडरची कटकटच नको असेल तर आणखी मागे जाता येतं. फाइनवेर्कबाऊ 300 एस ही आहे स्प्रिंगचीच, पण तिची नळी-यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवर मागे सरकते आणि धक्का गिळून टाकते. वाल्थर एलजीआर किंवा फाइनवेर्कबाऊच्या 600 मालिकेत बाजूचा दांडा एकदाच ओढून हवा दाबायची, बस. पंप नाही, टाकी नाही, मुदत नाही, आणि सील नीट असतील तर आजही दहाला दहा लावतील. अडचण एवढीच की सामन्यात 75 मिनिटांत 60 छर्रे, आणि दर छर्र्याला तो दांडा. भाचीने तिसाव्या छर्र्याला खांदा चोळायला सुरुवात केली. धडधाकट कॉलेजच्या मुलाला मात्र हे सोनं आहे.

दुकानात कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट मात्र माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे. स्पर्धेच्या पीसीपी रायफलीत कोरा ट्रिगर मारायची सोय असते, हवा न सुटता ट्रिगर नेहमीसारखाच तुटतो. ऐरोलीच्या वन बीएचकेत दहा मीटर सरळ जागा मिळणं शक्य नाही. पण भिंतीवर छोटा काळा ठिपका चिकटवून, जॅकेट घालून, रोज संध्याकाळी अर्धा तास नुसतं उभं राहून ट्रिगर सोडता येतो, ना आवाज, ना छर्रा, ना शेजाऱ्यांची कुरकुर. स्प्रिंगच्या रायफलीत छर्र्याशिवाय ट्रिगर मारला तर पिस्टन सरळ आपटून आतलं सील खराब होतं. आठवड्यातून एकदाच रेंजवर जाणाऱ्या मुलीसाठी ही सोय त्या 13 आणि 2 च्या फरकाएवढीच महत्त्वाची आहे.

परवान्याचं थोडक्यात. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिमीपर्यंतची नळी आणि 20 ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. वरच्या तिन्ही प्रकारांत हे जमतं, फक्त "जास्त पॉवरची" म्हणून कुणी 5.5 मिमी दाखवली तर हात लावू नका. बिल नावावर घ्या आणि प्रवासात जवळ ठेवा. आणि "येऊरला नेऊन चालवू" म्हणणारे मित्र प्रत्येकाला असतात. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे, आणि शिकारीला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. चालवायची तर रेंजवर. आपल्या बाजूला पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, मुंबईत वरळीची रेंज आहे, आणि ठाण्या-नवी मुंबईत छोट्या दहा मीटर रेंज शाळांच्या आवारात, बेसमेंटमध्येही सापडतात.

छर्र्यांत कंजुषी नको. सपाट तोंडाचे, साधारण 0.53 ग्रॅमचे घ्या, आणि एकाच कंपनीचे 4.49 व 4.50 असे दोन माप आणून दोन्हींचे ग्रुप मारा. त्याच देशी पीसीपीचा ग्रुप नुसतं माप बदलल्यावर साडेपाचाचा साडेचार झाला, म्हणजे हजार-बाराशेच्या डब्यात एक मिमी. मारून झाल्यावर हात धुवायचे. शिसं आहे ते, आणि भाची त्याच हाताने वडापाव खाते.

आम्ही शेवटी घेतली ती वापरलेली, क्लब मॉडेल, पंच्याऐंशी हजारांत. सिलिंडरला अजून चार वर्षं आहेत. उरलेल्या चाळिसात जॅकेट, हातमोजा आणि हातपंप बसवला. जॅकेटही वापरलेलंच, खांद्याला एक टाका घालावा लागला. घरी आणल्यावर पहिला आठवडा एकही छर्रा मारला नाही. खांद्याला टेकणारी मागची बट प्लेट मधल्या दोन चकत्या (स्पेसर) काढून आत घेतली, गालाचा टेकू चार मिमी वर केला, मग पुन्हा दोन खाली. ताई म्हणाली, "अरे, रायफल आणलीस की शिलाई मशीन?" भाची आरशासमोर उभी होती, गाल टेकवून, डोळे मिटून. डोळे उघडले की पीप साइट बरोबर बुबुळासमोर यायला हवी होती. तिसऱ्या प्रयत्नाला आली, तेव्हा मी स्क्रूवर मार्करने रेघ मारली.