११० मिमीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह: वस्तू चांगली, बसवणं चुकतं

मुंबईत मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की तळमजल्याच्या न्हाणीतून गटाराचं पाणी उलटं वर येतं. त्यावर हार्डवेअरच्या दुकानात हा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) व्हॉल्व्ह मिळतो; पाणी बाहेर जाऊ देतो, उलटं आलं की मिटतो. आत वरून लटकणारी झडप, कडेला रबरी सील, वर स्क्रूचं झाकण. बस्स, एवढंच. स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचे बघून घ्या, साधे गंजून बसतात.

घेण्याआधी चेंबर, म्हणजे घराबाहेरची गटाराची झाकणवाली टाकी, उघडून बघा. चेंबर रिकामं आणि घरात पाणी तुंबलेलं, तर चोकअप मधल्या पाइपात आहे. रॉड मारला की काम झालं. कोरड्या दिवसातही चेंबर तुडुंब असेल तर पुढची लाइन बंद आहे, जेटिंगची (जोरदार पाण्याच्या झोताने लाइन साफ करणारी) गाडी बोलवा. फक्त भरतीच्या पावसातच चेंबर भरत असेल, तर हा व्हॉल्व्ह तुमच्यासाठी. पाणी फरशीच्या सांध्यांतून झिरपत असेल तर याचा काडीचा उपयोग नाही.

आता खरी मेख. प्लंबर सोयीचं पडतं म्हणून व्हॉल्व्ह सरळ सामायिक लाइनवर टाकतात. वरच्या मजल्यांचा उभा पाइप त्याच लाइनला मिळत असेल, तर झडप मिटल्यावर वरच्यांचं सगळं पाणी तुमच्या न्हाणीतून आणि कमोडमधून बाहेर येणार. पैसे मोजून पूर विकत घेतल्यासारखंच! तळमजल्याची लाइन वेगळी काढून थेट चेंबरला न्या आणि व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर बसवा.

व्हॉल्व्हवरचा बाण चेंबरकडे, झडपेची बिजागरी वर, व्हॉल्व्ह आडव्या पाइपातच. पाइपाला १:४० उतार. रबर रिंगचे सांधे घ्या, पुढेमागे सोडवता येतात. पाइपाचं टोक कानशीने उतरतं करा, लुब्रिकंट लावून पूर्ण आत सारा, मग साधारण १० मिमी मागे ओढा. प्रसरणाला तेवढी फट लागते. वर उघडता येईल असं झाकण ठेवा. टाइलखाली गाडला तर साफ कसा करणार?

मेअखेरीस तो उघडायचाच. सीलवर केसांचा गुंता किंवा तेलकट थर अडकला की झडप पुरती मिटत नाही. हातमोजे घालून ती उचलून सोडा. आपसूक घट्ट बसली पाहिजे.

दुकानदार एक गोष्ट सहसा सांगत नाहीत: झडप मिटलेली असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही. चेंबर ओसरेपर्यंत फ्लश, आंघोळ, वॉशिंग मशीन, सगळं बंद.