एसटीपीच्या ब्लोअरला व्हीएफडी आणि डीओ सेन्सर: नऊ महिन्यांचा अनुभव

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) एमबीबीआर पद्धतीचा, म्हणजे टाकीत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर (मीडियावर) जिवाणू वाढतात आणि घाण खातात. त्यांना हवा पुरवणाऱ्या ब्लोअरची मोटर 10 एचपीची, म्हणजे साडेसात किलोवॅट, आणि ती चोवीस तास चालू. रात्री कलेक्शन टँक रिकामा झाला की फीड पंप थांबायचा, ब्लोअर मात्र दिवसाइतकीच हवा ढकलत राहायचा. ते बघवत नव्हतं, म्हणून व्हीएफडी (मोटरच्या विजेचे हर्ट्झ बदलून तिचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आणि डीओ सेन्सर घेतला. सेन्सर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजतो, आकडा कमी असला की ड्राइव्ह वेग वाढवतो, जास्त असला की उतरवतो.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, 50 हर्ट्झवरून 40 वर आणलं की वीज निम्मी. हे गणित सेंट्रिफ्युगल पंप आणि पंख्यांचं. तिथे वीज वेगाच्या घनाच्या हिशेबात उतरते. आमचा ब्लोअर ट्विन लोब, म्हणजे दर फेरीला ठरावीक हवा ढकलणारा. टाकीतल्या पाण्याचा दाब त्याला सोसावाच लागतो, त्यामुळे वेग 20 टक्के कमी केला तर वीजही साधारण तेवढीच कमी. पैसे वसूल व्हायचा काळ आम्ही त्यामुळे चुकीचा धरला, याचा मला अजून राग आहे.

सब-मीटरवर आधी दिवसाला 150 च्या आसपास युनिट पडायची, आता 105-110. पण हे सगळं ड्राइव्हमुळे नाही. बसवायला आलेल्या टेक्निशियनने आधी प्रेशर गेज दाखवला. टाकीत पाणी चार मीटर, म्हणजे काटा चौरस सेंटिमीटरला 0.4 किलोच्या थोडा वर हवा, तो 0.55 वर होता. टाकीच्या तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरचे मेम्ब्रेन (बारीक छिद्रांचे पडदे) चोंदले होते. ते साफ केले तेव्हाच मीटर खाली आला.

पहिल्या महिन्यात आम्ही रात्री 25 हर्ट्झपर्यंत उतरलो. सकाळी मीडिया कोपऱ्यात साचलेला, घाण वास, आणि मोटरला हात लावला तर चटका. तिला गार करणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, वेग उतरला की तोही मंदावतो. आता 35 च्या खाली जात नाही.

खरी निगा सेन्सरची. पावसाळ्यात एका रात्री ड्राइव्ह 50 वरून हलेचना. ऑपरेटर काकांनी सेन्सर वर ओढला, तर टोपीवर केसांचा गुंता आणि बुळबुळीत थर. त्या थरातले जिवाणूच ऑक्सिजन खात होते, म्हणून आकडा लिटरला फक्त 0.8 मिलिग्रॅम. ओल्या मऊ फडक्याने पुसून परत सोडला. थोड्या वेळात आकडा 3 च्या वर गेला आणि ब्लोअरचा आवाज उतरला. तेव्हापासून काका आठवड्यातून दोनदा तो पुसतात आणि वहीत लिहितात. हे काम करणारा माणूस नसेल तर सेन्सर घेऊच नका.

मे महिन्यात बचत कमी दिसली. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसातच. तेवढ्याच डीओसाठी हवा जास्त लागते.

मी पुन्हा घेईन. फक्त आधी सब-मीटर लावून महिनाभर रोजचं रीडिंग घेईन, डिफ्युझर साफ करीन आणि मगच कोटेशन मागवीन. सेन्सरची टोपीही ठरावीक काळाने बदलावी लागते, तो खर्च ठरावात धरायचा आमच्याकडून राहिला होता.