जेल प्लेट तेलानं पुसायची की पाण्यानं धुवायची? सोलापूरच्या हिशोबानं

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, तेही कधी पहाटे, कधी रात्री. तेवढ्या वेळात पिंपं, बादल्या, घागरी भरून घ्यायच्या आणि पुढचे दिवस त्यात भागवायचं. जेल प्लेट म्हणजे मऊ, लवचिक जेलची सपाट पाटी. तिच्यावर रोलरनं रंग पसरायचा, कागद दाबायचा आणि उचलला की कागदावर ठसा उठतो. असे ठसे काढायचा व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहत होते, तेव्हा त्यातल्या बाईनं रंगानं माखलेली प्लेट उचलली आणि सरळ सोडलेल्या नळाखाली धरली. मागं उभी असलेली आई म्हणाली, "हिच्याकडं रोज पाणी येतं वाटतं."

हल्ली ओळखीतल्या दोघी-तिघींना हे सामान घ्यायचंय. कोणती प्लेट घेऊ, कोणता रोलर घेऊ, असं विचारतात. मी उलट विचारते, धुणार कशानं? कारण इथं सामान निवडायचं ते ऊन आणि पाणी धरूनच.

घरची प्लेट की विकतची

घरी जिलेटिनची प्लेट करता येते, स्वस्तात होते. नुसत्या पाण्यात केली तर फ्रिजमध्ये काही दिवस टिकते, मग बुरशी धरते. ग्लिसरीन घातलं तर बरीच जास्त टिकते. चरे पडले, कोपरा तुटला, की पुन्हा वितळवून ओतायची, झाली नवी. पण जिलेटिन साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि आपल्याकडं मेमध्ये दुपारी पारा ४२-४३ वर असतो. माझी पहिली प्लेट ओट्यावर ठेवून मी जेवायला बसले. परत आले तर ट्रेमध्ये कढी. शिवाय जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतं, म्हणजे काही घरांत ते फ्रिजमध्ये ठेवायचा प्रश्नच येत नाही.

चायना ग्रासची करून पाहा असं कुणी सांगेल. उन्हानं ती वितळत नाही हे खरं, तिला वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. पण ती ठिसूळ. रोलर जरा जोरात फिरवला की भेग.

विकतची प्लेट खनिज तेल आणि रबरासारखं पॉलिमर यांची असते. जिलेटिन नाही, फ्रिज नाही, बुरशी नाही. महाग आहे, पण इथं वर्षभर काम करायचं असेल तर मी तीच घ्या म्हणेन. शाळेत डिसेंबरात एक दिवस मुलांकडून ठसे काढून घ्यायचे असतील तर मात्र पैसे घालवू नका, जिलेटिनच करा.

तेल, साबण, वाइप्स, सॅनिटायझर

हे सगळं विकतच्या प्लेटसाठी. अ‍ॅक्रिलिक रंग ओला असेपर्यंत पाण्यानं जातो, वाळला की त्याचं प्लास्टिक होतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तो इतक्या झटपट वाळतो की साबण आणायला उठेपर्यंत वेळ गेलेली असते.

साबणाचं कोमट पाणी स्वस्त आणि निर्धोक, पण चालतं फक्त ओल्या रंगाला. वाळलेला रंग काढायला घासत बसावं लागतं, पाणी जातं आणि प्लेटवर नखं लागतात ती वेगळीच. बोअरचं जड पाणी असेल तर प्लेट वाळल्यावर पांढरे डाग उरतात, म्हणून लगेच टिपून घ्यायची.

बेबी ऑइलला पाणी जवळजवळ लागतच नाही. चमचाभर तेल प्लेटवर पसरायचं, पाचेक मिनिटं थांबायचं, बोटाच्या पेरानं गोल गोल चोळायचं. वाळलेला रंग सालपटासारखा सुटून येतो. घेताना बाटलीवरचं बारीक अक्षर मात्र वाचा. आपल्याकडं बेबी ऑइल म्हणून बदामाचं, ऑलिव्हचं, खोबऱ्याचंही तेल मिळतं. आपल्याला हवं मिनरल ऑइल. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मागितलं तर तेच मिळतं, तेही बिनवासाचं. खोबरेल नको. ते जानेवारीत थिजतं आणि पुढं खवट होतं.

तेलाची खोड एकच. नीट पुसलं नाही तर पुढच्या वेळी रंग प्लेटवर बसत नाही, त्याचे थेंब थेंब होतात आणि ठशात भोकं दिसतात. म्हणून शेवटी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं एक हात फिरवायचा. तेवढ्याला अर्धा तांब्या पाणी पुरतं.

ओले वाइप्स ओल्या रंगापुरते ठीक, पण एका दुपारी निम्मं पाकीट संपतं आणि कचऱ्याचा ढीग होतो. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल वाळलेला रंग पटकन मऊ करतं. अडल्या वेळी मी वापरते, रोज नाही. जिलेटिनच्या प्लेटला अल्कोहोल लावूच नका, आणि तिच्यावर गरम पाणी तर नकोच नको.

खरं तर मी बऱ्याचदा यातलं काहीच करत नाही. राहिलेल्या रंगावर ताज्या रंगाचा पातळ थर देते, कागद ठेवते, दाबून वाळू देते आणि मग उचलते. खालचे सगळे जुने तुकडे त्या कागदावर येतात. माझ्याकडचे सगळ्यात चांगले ठसे असे सफाईतूनच निघालेत. जे कागदाला येत नाही ते रुंद चिकटपट्टीला येतं.

पुसायला काय

टॉवेलच्या गावात राहून सांगायला जड जातं, पण सोलापुरी टॉवेलनं प्लेट पुसू नका. त्याचे फासे पाणी टिपायला झकास, पण प्लेट चिकट असते आणि त्याची सगळी लव तिच्यावर बसते. मग ती लव पुढच्या चार ठशांत केसांसारखी दिसत राहते. वापरून मऊ झालेलं जुनं धोतर किंवा सुती ओढणी बरी. चादरीचा तुकडा मात्र जपून ठेवा, पुसायला नव्हे, ठशाला. ओल्या रंगावर चादर उलटी दाबली की तिची वीण जशीच्या तशी उठते. काम झाल्या झाल्या तो तुकडा भिजत टाकायचा. एकदा रंग वाळला की तो पुठ्ठ्यासारखा कडक होतो.

रबरी रोलर की स्पंजचा

इथं बहुतेकांची फसगत होते, माझीही झाली. प्लेटला तेल मानवतं म्हणून मी रोलरही तेलानं पुसत गेले. काही महिन्यांनी रबर फुगलं, चिकचिकीत झालं आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरायला लागला. नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, म्हणजे जे प्लेटचं औषध तेच रोलरचं विष. रोलर साबणाच्या पाण्यानंच साफ करायचा. त्याआधी तो रद्दी कागदावर फिरवून कोरडा करून घ्यायचा, म्हणजे धुण्यासारखं फारसं उरतच नाही. बादलीत बुडवून ठेवायचा नाही, दांडीच्या लोखंडाला गंज चढतो. आणि ठेवताना तो पाठीवर ठेवायचा. रबरावर टेकवून ठेवला तर त्याच जागी चपटा होतो.

स्पंजचा रोलर स्वस्त, पण रंग पोटात घेऊन बसतो. तो पूर्ण पिळून निघेपर्यंत तीन-चार तांबे पाणी सहज जातं. वाळला की फेकायचाच. मधल्या सुट्टीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवता येतो, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. आपल्या गावात रबरीच घ्या.

स्टेन्सिलला फार जीव लावू नका. परातीत बोटभर साबणाचं पाणी घेऊन आडव्या भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा. नक्षी बारीक असेल तर त्याच दिवशी करा, नाहीतर भोकं बुजतात.

ठेवायची कशी

विकतच्या प्लेटसोबत दोन्ही बाजूंना गुळगुळीत प्लास्टिक येतं. ते फेकू नका. हरवलंच तर ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, चालते. मी एकदा प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. कागदानं तेल ओढलं आणि प्लेटवर एका बातमीचा मथळा उलट्या अक्षरांत छापून आला. तो अजून तिथंच आहे. अशा डागानं ठसा बिघडत नाही. बिघडतो तो खोलगट खुणेनं, म्हणून प्लेट सपाट ठेवायची आणि तिच्यावर काही रचायचं नाही. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. माझी आता पलंगाखाली असते. घरातली सगळ्यात गार फरशी तिथलीच.