कम्युनिकेशनची पदवी, पगार आणि कर्ज: कॉलेज स्कोअरकार्ड वर्षभर वापरल्यानंतर

कॉलेज स्कोअरकार्ड हे अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं संकेतस्थळ. फुकट आहे, आणि कुठल्या कॉलेजातून कुठला विषय घेतला तर पुढे पगार किती आणि डोक्यावर कर्ज किती हे शेजारी शेजारी दाखवतं. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीला कम्युनिकेशनच शिकायचंय, त्यामुळे गेलं जवळपास वर्षभर हे पान आमच्याकडे सतत उघडं असतं. कम्युनिकेशनसारख्या विषयासाठी ते फारच कामाचं आहे. पण त्यातला कर्जाचा आकडा जसा दिसतो तसा धरून चाललात, तर आईवडिलांचं म्हातारपणाचं नियोजन कोलमडू शकतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पगाराचं. २०१५ मध्ये इथे पगार दिसू लागले तेव्हा अख्ख्या कॉलेजचा मिळून एकच आकडा असे, म्हणजे इंजिनिअर आणि पत्रकार एकाच टोपलीत. २०१९ पासून विषयवार आकडे आले आणि तिथून ते आमच्यासारख्यांच्या उपयोगाचं झालं. हे आकडे करखात्याच्या नोंदींवरून काढतात, माजी विद्यार्थ्यांना फॉर्म पाठवून नव्हे. कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकापेक्षा माझा यावर कितीतरी जास्त विश्वास आहे. दाखवतात तो मध्यक, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी.

नुसतं ‘कम्युनिकेशन’ शोधून मात्र थांबू नका. जर्नलिझम, पब्लिक रिलेशन्स-जाहिरात आणि कम्युनिकेशन अँड मीडिया स्टडीज यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात, आणि एकाच कॉलेजात त्यांचे पगार वेगळे निघतात. कामगार खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांत बातमीदारांचा मध्यक वर्षाला सुमारे ५७ हजार डॉलर, पब्लिक रिलेशन्सवाल्यांचा ६७ हजार आणि टेक्निकल रायटरचा ८० हजार आहे. यात वीस वर्षं मुरलेले लोकही येतात, त्यामुळे नव्या पदवीधराने ते स्वतःला लावू नयेत, पण कुठली वाट कुठे जाते ते कळतं. छोट्या विभागांचे आकडे खासगीपणापायी झाकलेले असतात. रकाना रिकामा दिसला म्हणून तो विभाग वाईट ठरत नाही.

आता कर्ज. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

यादी करता करता लेक म्हणाली, “आई, सगळीकडे कर्ज जवळपास सारखंच आहे. मग महागड्या कॉलेजला हरकत काय?” प्रश्न अगदी रास्त होता. आकडे खरोखरच पंचवीस हजारांच्या आगेमागे घोटाळत होते. त्याचं कारण कॉलेजांच्या स्वस्ताईत नाही, सरकारी मर्यादेत आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दर वर्षी ७,५०० डॉलरपर्यंतच मिळतं. चार वर्षांचे झाले २७,०००. कॉलेज कितीही महाग असो, मुलाच्या नावावरचा सरकारी आकडा या छताला टेकून थांबतो. वरचा खर्च जातो पालकांच्या बचतीतून, पॅरेंट प्लस कर्जातून (हे सरकारी कर्ज पालक स्वतःच्या नावावर घेतात) किंवा खासगी कर्जातून. पॅरेंट प्लस त्या आकड्यात नसतं, ते वेगळं शोधावं लागतं. खासगी कर्ज तर या संकेतस्थळाला दिसतच नाही.

म्हणून मी कर्जाचा रकाना बाजूला ठेवून नेट प्राइस बघते, म्हणजे शिष्यवृत्त्या वजा जाता राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च. तो कुटुंबाच्या उत्पन्नगटानुसार फोडून दिलेला असतो. सरासरीवर न जाता आपला गट बघा. सरकारी विद्यापीठांचा हा आकडा त्याच राज्यातल्या मुलांचा असतो, शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाला आपण तो लावू शकत नाही.

एक उदाहरण मांडते, आकडे माझे धरलेले. एका कॉलेजची नेट प्राइस २४ हजार, दुसऱ्याची ४२ हजार. चार वर्षांत फरक ७२ हजारांचा, आणि कर्जाचा रकाना दोन्हीकडे सारखाच. त्यातले ६० हजार पॅरेंट प्लसमधून काढले, तर २०२५-२६ च्या ८.९४ टक्के दराने दहा वर्षं महिना साधारण ७५८ डॉलर हप्ता पालकांवर. मुलीचे २७ हजार ६.३९ टक्क्यांनी फेडायचे तर महिना ३०५. पहिला पगार ४५ हजार धरला तर महिन्याचे ३,७५०, तेही कर कापण्याआधी. तिच्या एकटीच्या हप्त्याला तो पुरतो, दोन्हींना नाही. कम्युनिकेशनमध्ये सुरुवातीचा पगार हळू चढतो, म्हणून हे गणित इथे जास्त टोचतं. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्याने घेतलेल्या पॅरेंट प्लसवर एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा येते. महाग कॉलेजचा उरलेला खर्च मग खासगी कर्जावरच जाईल, आणि तो तर स्कोअरकार्डवर उमटतच नाही.

आणखी एक उणीव. आधी दोन वर्षं काउंटी कॉलेज (म्हणजे जिल्ह्याचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज), मग रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात बदली, हा न्यू जर्सीतला मळलेला रस्ता आहे. शाळेत पहिल्या १५ टक्क्यांत आलेल्यांना एनजे स्टार्स या राज्याच्या शिष्यवृत्तीतून काउंटी कॉलेजची फी सुटू शकते. पण स्कोअरकार्ड दोन कॉलेजं दोन पानांवर दाखवतं, जोडून येणारा खर्च आपणच मांडायचा. लेकीने आता तो तक्ता स्वतः केलाय आणि हा पर्याय यादीत वर आणलाय. मला त्याचा फार आनंद आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो कर्जाच्या आकड्याशेजारी ती मर्यादा ठळक लिहिलेली नाही म्हणून.

पुण्या-नाशिकहून इकडे शिकायला येऊ पाहणाऱ्यांसाठी: हे पगार आणि कर्जाचे आकडे फक्त सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे आहेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना ती मदत मिळत नाही, म्हणजे तुमच्यासारखं त्यात कुणीच नाही. कम्युनिकेशनच्या बहुतेक पदव्यांना शिक्षणानंतर कामाची मुभाही १२ महिन्यांचीच असते, स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांची) वाढीव २४ महिन्यांची सवलत मिळत नाही. घर गहाण टाकून शैक्षणिक कर्ज काढण्याआधी तुमच्या अभ्यासक्रमाचा नेमका कोड कॉलेजकडून लेखी मागून घ्या, तो स्टेममध्ये मोडतो की नाही हे त्यावरूनच कळतं.