रास्पबेरी पाय पिको: छपाई चोख, पण पालथ्या बाजूला

२०२१ च्या जानेवारीत ४ डॉलरला आलेला पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (सेन्सर, दिवे जोडून कोडने चालवायचा) इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांच्या हातात सर्रास दिसतो. त्याच्या चिपबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून इथे फक्त त्याच्यावरच्या छपाईकडे पाहू. पहिल्यांदा वायरिंग करणाऱ्याचा वेळ तिथेच जातो.

अक्षरं उत्तम आहेत. हिरव्यावर पांढरी, कडा स्वच्छ, प्रत्येक पिनेचं नाव तिच्या भोकाला लागून. हेडर (पिनांची पट्टी) सोल्डर केल्यावर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरसोबतच्या रसायनाचा, चिकट थर त्यांच्यावर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेतला की तो निघतो, छपाईला धक्का लागत नाही.

अडचण जागेची आहे. पिनांची नावं फक्त खालच्या बाजूला छापली आहेत. वर मोजून तीन आकडे: १, २ आणि ३९. बोर्ड ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर) दाबून बसवला की सगळी नावं झाकली जातात. उपटून पालथा करून पाहावं, तर डावं-उजवं उलटतं: यूएसबी वर धरून पुढून पाहिलं तर जीपी० (कोडमधून चालवायच्या जीपी पिनांतली पहिली) डावीकडे, मागून पाहिलं तर उजवीकडे. आर्डुइनो ऊनो आर३ वर नावं वरच, सॉकेटांच्या शेजारी आहेत. ३, ५, ६, ९, १०, ११ या पीडब्ल्यूएम पिनांना (झपाट्याने चालू-बंद होऊन दिव्याचा उजेड कमी-जास्त करता येतो अशा) नागमोडी खूणसुद्धा आहे. तो बोर्ड मोठा आहे हे खरं. पण पिकोएवढ्याच, २१ बाय ५१ मिलिमीटरच्या काही नकलांवर नावं वर छापलेली दिसतात. म्हणजे करायचं ठरवलं तर जागा निघते.

ही उणीव नुसत्या गैरसोयीची नाही. ३६ क्रमांकाची पिन ३.३ व्होल्ट बाहेर देते आणि तिला लागून ३७ वर ३व्ही३_ईएन आहे, म्हणजे ते ३.३ व्होल्ट तयार करणारा रेग्युलेटर चालू-बंद करणारी पिन. सेन्सरची पॉझिटिव्ह तार चुकून ३७ वर गेली, तर ती पिन सेन्सरमुळे खाली ओढली जाते, कारण तिला फक्त १०० किलोओहमच्या रेझिस्टरने वर धरलेलं असतं. मग रेग्युलेटर बंद पडतो, संगणकाला बोर्ड दिसेनासा होतो आणि बोर्ड जळला असं वाटतं. तार काढली की तो पुन्हा चालू होतो. ४० आणि ३९ चा गोंधळ जास्त वाईट. बाहेरचा ५ व्होल्ट पुरवठा थेट ४० वर, म्हणजे यूएसबीच्या पुरवठ्याच्या व्हीबस पिनेवर दिला आणि यूएसबीही जोडलेली असली, तर तो पुरवठा संगणकाच्या पोर्टवर उलटा जाऊ शकतो. बाहेरचा पुरवठा डायोडमधून (तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो) ३९ ला, म्हणजे बोर्डाच्या मुख्य पुरवठ्याच्या व्हीसिस पिनेला द्यायचा.

तिसरा घोळ आकड्यांचा. कोडमधला १५ म्हणजे जीपी१५, आणि तो २० व्या पिनेवर आहे. १५ व्या पिनेवर जीपी११ निघतो. वर छापलेले आकडे मात्र पिनेचे क्रमांक आहेत, जीपीचे नव्हेत.

एक गोष्ट मात्र डोकं लावून केली आहे. ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) पिनेभोवतीच्या धातूच्या पॅडचं आतलं टोक चौकोनी आहे, बाकीच्यांचं गोल, आणि हे वरूनही दिसतं. दोन्ही बाजूंना यूएसबीकडून ३, ८, १३ आणि १८ व्या जागी ग्राउंड येतो. तार लावण्याआधी जवळचा चौकोन शोधायचा आणि तिथून मोजायचं.

ब्रेडबोर्डचे आकडेही कामाला लावता येतात. पहिली पिन १ नंबरच्या ओळीत बसवा. डावीकडे ओळीचा आकडा हाच पिनेचा क्रमांक; उजवीकडे ४१ मधून ओळीचा आकडा वजा करा. ओळ ५, उजवी बाजू: पिन ३६. नेहमीच्या ब्रेडबोर्डवर पिना सी आणि एच रकान्यांत बसतात. नावांच्या दोन अरुंद कागदी पट्ट्या बी आणि आय वर चिकटवल्या तरी तारांसाठी ए आणि जे मोकळे राहतात. पट्टी १०० टक्के मापात छापा. पहिल्या नावापासून विसाव्यापर्यंतचं अंतर ४८.२६ मिलिमीटर भरलं पाहिजे. प्रिंटरने 'पानात बसवा' हा पर्याय स्वतःच लावला असेल तर शेवटच्या चार-पाच पिनांना नावं सरकलेली दिसतील.

नावं वर यावीत म्हणून हेडर उलट्या बाजूने सोल्डर करू नका. नवा प्रोग्राम चढवताना दाबायचं बूटसेलचं बटण खाली दबतं आणि पिनांच्या जागा दाखवणारे सगळे पिनआउट तक्ते आरशातले होतात.

२०२४ चा पिको २ घेतला तरी नावं खालीच आहेत. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वर नावं असलेली नक्कल मिळाली तर जरूर घ्या, पण उजव्या बाजूची क्रमवारी मूळ तक्त्याशी पिन-पिन ताडून पाहा. काही नकलांत ती वेगळी असते, आणि तिथे बोर्डवर छापलेलंच खरं धरायचं.