आर्केड मॉनिटरचा तयार हार्नेस, नऊ महिन्यांनंतर: मुख्यतः काळ्या वायरीबद्दल

जानेवारीत हा हार्नेस, म्हणजे गेम बोर्ड मॉनिटरला आणि सप्लायला जोडणारा वायरींचा तयार जुडगा, घेतला आणि पहिल्याच दिवशी चित्र आलं, त्या आनंदात पाचपैकी पाच स्टार देऊन टाकले होते. ते आज मागे घेतोय. अख्ख्या हार्नेसमध्ये एकच वायर वाईट निघाली, पण त्या एका वायरीनं माझा पावसाळा खाल्ला.

मशीन सावंतवाडीच्या बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं, एक रुपयाच्या नाण्यावर चालायचं ते. आत १९ इंची अमेरिकन मॉनिटर, ११० व्होल्टचा. बोर्ड, म्हणजे ज्यावर गेम असतो तो, 'मुस्तफा' या गेमचा. जुनी वायरिंग उंदरांनी कुरतडलेली होती, म्हणून १,४५० रुपयांचा तयार जॅमा हार्नेस (जॅमा म्हणजे आर्केड बोर्डाच्या जोडणीची ठरलेली पद्धत) मागवला, मॉनिटरच्या सहा पिनी प्लगसकट. घर वेंगुर्ल्याला, उभादांड्यात. रात्री समुद्राची गाज घरात ऐकू येते, तेव्हा आमच्याकडची हवा कसली हे वेगळं सांगत नाही.

हार्नेसच्या आधी ट्रान्सफॉर्मरचं बोलतो, कारण इथे चूक झाली तर पुढचं काही उरतच नाही. या जुन्या मॉनिटरमध्ये मेन्स, म्हणजे भिंतीतली वीज, थेट रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करणाऱ्या भागावर) जातो. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे त्या विजेपासून वेगळं करणारा, नसेल तर चेसिसचा (मॉनिटरच्या सर्किटचा) ग्राउंड हा ग्राउंड नसतोच, तो लाइनशी बांधलेला असतो. त्याला गेम बोर्डाचा ग्राउंड जोडला की बोर्ड तरी जळतो, नाहीतर कंट्रोल पॅनेलच्या पत्र्यात करंट येतो. त्या पत्र्यावर पोरांचे हात असतात.

एका दुकानातून ८५० रुपयांना '२३० ते ११० कन्व्हर्टर' आणला. आयसोलेटेड आहे का, हे तीनदा विचारलं, तीनदा हो म्हणाले. घरी आल्यावर प्लग न लावता मल्टिमीटरची एक टोचणी इनपुटच्या पिनेला आणि दुसरी आउटपुटच्या पिनेला लावली. मीटरनं काही ओहम दाखवले. आयसोलेशन असतं तर काहीच दाखवायला नको होतं. म्हणजे हा ऑटोट्रान्सफॉर्मर. ११० व्होल्ट बरोब्बर देतो, पण लाइनपासून वेगळं करत नाही. कुडाळला विहिरीच्या पंपांच्या मोटारी वाइंड करणारे काका आहेत, त्यांना दाखवला. हातात घेऊनच म्हणाले, "हेच्यात एकच गुंडाळी आसा रे, ह्या तुझ्या कामाचा नाय." त्यांनी चार दिवसांत दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, दीडशे व्हीए क्षमतेचा नवा ट्रान्सफॉर्मर करून दिला. १,८०० रुपये घेतले. नऊ महिने झाले, तासभर खेळल्यावरही हाताला कोमटच लागतो. या सगळ्या उद्योगात मनापासून समाधान वाटलं असं हे एकच खरेदीचं काम. दुकानदारानं कन्व्हर्टर परत घेतला नाही. ते ८५० गेले ते गेलेच.

जोडणी सोपी आहे. लाल, हिरवी, निळी आपापल्या जागी. जॅमा बोर्ड सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरणारा सिग्नल, एकाच पांढऱ्या वायरीवर देतो, माझ्या चेसिसवर आडव्या-उभ्या सिंकच्या पिना वेगळ्या. पांढरी वायर दोन्हींच्या निगेटिव्ह पिनांना जोडली आणि चित्र जागेवर थांबलं. पहिल्यांदा चालू करताना ट्रान्सफॉर्मरच्या आधी शंभर वॅटचा सिरीज बल्ब ठेवला होता, शॉर्ट असलाच तर करंट अडवायला. डीगॉसच्या (चालू होताना ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलच्या) झटक्याला तो भगभगला आणि मंद झाला. तसाच भगभगत राहिला असता तर बंद करून शॉर्ट शोधायला बसलो असतो. ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (लाल टोपणाखाली) २०,००० व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही टिकून राहू शकतात. डिस्चार्ज करायचा तो ट्यूबवरच्या विणलेल्या तारेला, बोर्डाच्या ग्राउंडला नाही. हे ज्याला माहीत नाही त्यानं ते लाल टोपण उचलू नये.

पाच व्होल्टच्या वायरी बारीक आहेत. सप्लायवर ५.१ आणि बोर्डावर ४.७ भरत होते, गेम मध्येच रिसेट व्हायचा. बाजूनं एकेक जाड वायर टाकली, विषय संपला. एवढ्यासाठी मी स्टार कापत नाही.

आता काळी वायर. जूनमध्ये पाऊस लागला आणि सकाळी चालू केलं की चित्र वाकायचं, वरून खाली आडवा पट्टा सरकायचा, कधी पूर्ण चित्र गरगर फिरायचं. वीस मिनिटं तापलं की सगळं ठीक. थंड असताना बिघडतं, तापल्यावर सुधारतं म्हणजे कपॅसिटर वाळलेत, हे कोणीही सांगेल. मलाही तसंच वाटलं. सहाशे रुपयांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मागवले, चेसिस काढली, चार संध्याकाळी बसून सगळे बदलले. चित्राच्या वरच्या कडेला पडणारी घडी गेली, ती अनेक वर्षांची असणार. पण गरगर तशीच. मग सिंकची वायर बदलली, चित्र जुळवायचे पॉट साफ केले, दिवाणखान्यातून मशीन पडवीत नेलं, पुन्हा आत आणलं. आई म्हणाली, "बाबा, ते मशीन एकदाचं एका जागी ठेव."

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मॉनिटरचा प्लग काढताना काळी वायर पिनेतून सरळ हातात आली. पीन भिंग लावून बघितली. या पिनेला कानांच्या दोन जोड्या असतात. पुढचे कान तांब्याला धरतात, मागचे वरच्या प्लास्टिकला. इथे दोन्ही जोड्या प्लास्टिकवर दाबलेल्या होत्या. तांब्याच्या एकदोन तारा टोकाला पिनेला नुसत्या टेकलेल्या, आणि त्यांच्यावर हिरवट थर. बाकीच्या पाच पिना चोख. कारणही दिसतं: काळी वायर इतरांपेक्षा जाड आहे, पीन मात्र त्याच मापाची, आणि प्लास्टिक सोललंय तोकडं.

तीच व्हिडिओ ग्राउंडची वायर, जॅमाची चौदावी पीन. ती तुटली तरी चित्र जात नाही, म्हणून तर सापडत नाही. परतीचा करंट फ्रेममधून, अर्थिंगच्या वायरीतून लांबून वळसा घालून जातो आणि त्या वाटेवरची सगळी घरघर चित्रात उतरते. तापल्यावर टोकं जराशी टेकत असणार. कोरड्या गावात हे वर्षानुवर्षं खपून गेलं असतं. खाऱ्या हवेत सहा महिने टिकलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, मॉनिटर जुना आहे, हार्नेस तपासूनच पाठवतो, हवं तर स्वखर्चानं परत पाठवा. जिथे प्लग जेमतेम साठ रुपयांचा, तिथे मी दीडशे रुपये कुरिअरला का घालू? चार मेल केल्यावर "नवीन प्लग पाठवतो" म्हणाले.

तोवर थांबलो नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाणाऱ्या मामेभावाकडून योग्य मापाच्या, कल्हई केलेल्या पिना मागवल्या. आधी सोल्डर करणार होतो, पण सोल्डर झिरपलेली तार कडक होते आणि कडेला तुटते. घट्ट क्रिंप, म्हणजे पिनेचे कान तारेवर दाबून बसवणं, जास्त टिकतो, हे आता मला पटलंय. वर व्हॅसलीनचा बारीक हात. गणपतीत चाकरमानी भाचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ खेळले, थंड मशीनवरसुद्धा चित्र एकदाही हललं नाही.

कपॅसिटर बदलायला मी चार संध्याकाळी दिल्या, वायर मात्र ओढून बघितली नव्हती. तुम्ही हार्नेस आल्या दिवशी प्रत्येक वायर पिनेतून ओढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

हे लिहून ठेवलं होतं आणि तीन स्टार ठरवले होते. काल नवीन प्लग आला. सहाही वायरी ओढून बघितल्या. पाच घट्ट. काळी पुन्हा हातात आली. दोन स्टार.